दोन जवळ, एक लांब

टिटवीला पहाटे चारला उठवलं होतं आणि तेव्हापासून तिला जागं ठेवायचं काम तिच्या आजोबांकडे आलं होतं. तिच्या मेंदूच्या लहरी तपासायच्या होत्या, ईईजी काढायचा होता, आणि तोही झोपेत. सकाळी दहा वाजता दवाखान्यातल्या पलंगावर मूल झोपायला हवं असेल, तर ते आधी पुरतं दमलेलं पाहिजे.

आजोबांनी तिला जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावल्या. गार पाण्याने दोनदा तिचं तोंड धुतलं. मग दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या फरश्या मोजायला लावल्या. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या होत्या, गल्लीत त्यांना सगळे फरशीवालेच म्हणत, त्यामुळे बोलायला काही सुचलं नाही की ते फरशीवर येत.

"सांग बघू, या रांगेत किती?"

टिटवी बघत राहिली. आजोबा थांबले. एक रिक्षा आली, एक बाई उतरली, पैसे देऊन आत गेली, आणि मग टिटवी म्हणाली, "नऊ."

उत्तर बरोबर होतं. पण ते येईपर्यंत आजोबांच्या पुढच्या दोन रांगा मोजून झाल्या होत्या.

सहा महिन्यांपूर्वी या पोरीला जागं ठेवायला कोणी लागलंच नसतं. ती स्वतःही जागी राहिली असती आणि घरालाही जागं ठेवलं असतं. सकाळी डोळा उघडला की तोंडाचा पट्टा सुरू, म्हणून तर आजीने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. आता ती सहा वर्षांची होती आणि बसवली तिथे बसत होती.

तिला फिट यायच्या. चौथ्या वर्षापासून तीन आल्या. पहिल्या औषधाने त्या थांबल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग आजी गेली. त्यानंतर आठ महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा म्हणून एक ईईजी दुसऱ्या एका केंद्रातून काढून आणायला सांगितला, आणि त्यात झोपेतल्या लहरी वाईट दिसल्या. एकदा आलेली फिट डोळ्यांना दिसते, पण या लहरी मूल शांत झोपलेलं असताना आत चालू राहतात आणि हळूहळू बोलणं, शिकणं खाऊन टाकतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दुसरं औषध सुरू झालं, आणि खरंच, महिन्याभरात टिटवीचं बोलणं कमी झालं. डोस वाढवला. बोलणं आणखी कमी झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला भीती होती तेच होतंय.

आज ठरणार होतं. त्या लहरी अजून असल्या तर टिटवीला दाखल करून घ्यायचं आणि तिसरं, जास्त जोराचं औषध शिरेतून द्यायचं. त्याचे त्रास दोन पानं भरून लिहिलेले होते. टिटवीच्या आईने ती पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली होती आणि सकाळपासून तीनदा बाहेर काढून न वाचता परत ठेवली होती.

दहाला नाव पुकारलं. आत एकालाच सोडत होते.

"बाबा, तुम्हीच जा," आई म्हणाली. "माझ्याजवळ झोपायची नाही ती."

"तू आई आहेस."

"आई आहे, पण थोपटता तुम्ही. जा ना, वाद नको आता."

खोली लहान होती. पलंग, मशीन, पडदा लावलेली खिडकी, आणि एका कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं कागदी भिरभिरं. तपासणी करणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी टेपने टिटवीचं डोकं मोजलं, पुढून मागे, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि लाल पेन्सिलीने केसांत खुणा केल्या.

"शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय ना?" त्या टिटवीला म्हणाल्या. "टोपी शिवते मी. तारांची."

बाईंनी वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, आजोबांनी ते बघितलं. बहुतेक लोक प्रश्न विचारत आणि उत्तराच्या आधी आईकडे वळत.

"टोचते का?" टिटवीने विचारलं.

"नाही. गार लागते. आणि घरी गेल्यावर डोकं चिकट होतं, मग आजोबांनी धुवायचं. मला शिव्या देत."

एकवीस लहान चकत्या, प्रत्येकीखाली पांढरी पेस्टची टिकली, प्रत्येकीला रंगीत तार. वर जाळीची टोपी. आजोबा कामाकडे बघत होते. बाईंचा हात सावकाश होता पण एकदाही मागे येत नव्हता. माणूस कामाचा आहे की नाही हे त्यांना हातावरून कळायचं, मग काम कुठलंही असो.

आधी जागेपणीची तपासणी झाली. डोळे उघड, डोळे मीट. कागदी भिरभिऱ्यावर फुंकर मार, अजून मार, थांबू नकोस. डोळ्यांसमोर दिवा उघडझाप. मग बाईंनी मोठा दिवा बंद केला.

"आता हिला झोपवा, आजोबा. पलंगाशेजारी बसा. तारांना तेवढा हात लावू नका."

टिटवी कुशीवर वळली. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटायला लागले. दहा मिनिटांत ती झोपली. ते थोपटत राहिले, कारण थांबलं की ती चाळवते हे त्यांना माहीत होतं.

मशीनचा पडदा त्यांना तिरका दिसत होता. काळ्या रेघा उजवीकडे सरकत होत्या. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण बाई खुर्चीत पुढे सरकल्या हे कळलं. चष्मा डोळ्यांवर चढला. खालच्या तीनचार रेघांवर उंच उंच टेकाडं उठत होती.

"काय हो?" आजोबा पुटपुटले. "आहे का?"

"बोलू नका."

एवढ्यावरून त्यांनी समजायचं ते समजलं. आहे. त्यांनी पोरीच्या पाठीकडे बघितलं आणि मनात म्हणाले, दाखल करायचं तर करू, मी राहीन. थोपटत ते राहिलेच. पाच मिनिटं गेली असतील. टेकाडं थांबेनात.

मग त्यांना शिंक आली. पोरगी उठेल म्हणून त्यांनी ती दाबायला पाहिली, नाक धरलं, तोंडावर हात घेतला. शिंक तरी आलीच, आतल्या आत, मांजराला येते तशी. परत हात पाठीवर ठेवून ते थोपटायला लागले.

बाई पडद्याकडे बघत होत्या. मग मान वळवून त्यांच्या हाताकडे बघायला लागल्या. मग परत पडद्याकडे.

"आजोबा, हात उचला."

त्यांनी दचकून उचलला. वाटलं, तारेला लागला.

"वरच ठेवा." बाई थांबल्या. "आता ठेवा खाली. थोपटा."

आजोबांनी थोपटलं. पण आता बाई बघत होत्या, आणि हातालाही ते कळलं होतं. हात एकसारखा पडायला लागला. ठक, ठक, ठक, बसवलेली फरशी पोकळ राहिली का हे ठोकून बघावं तसा.

"असं नाही," बाई म्हणाल्या. "मघाशी करत होतात तसं."

"मघाशी मी काही करतच नव्हतो हो. हात आपला आपण चालत होता."

"मग माझ्याकडे बघू नका. इकडे पडद्याकडे तर मुळीच नको. घरी करता तसं करा. मला खात्री करायची आहे, आणि ही जागी व्हायच्या आत करायची आहे."

कसली खात्री, हे त्यांना कळलं नाही. पण बाईंच्या आवाजात घाई होती आणि भीती नव्हती, म्हणून त्यांनी ऐकलं. डोळे मिटले. हात पाठीवर ठेवला. हात चालेना.

घरी कसं करतो? त्यांनी कधी विचारच केला नव्हता. हे थोपटणं मुळात त्यांचं नव्हतंच, बायकोचं होतं. टिटवीला तीच झोपवायची. अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, माझ्यानंतर पोरगी झोपणार कशी, या इकडे, शिकवते. आणि स्वतःचा दंड पुढे केला. शिकायचं होतं ते या दंडावर. यांनी थोपटलं तशी ती कळवळली. "अहो, मी काय ओटा आहे का? हलक्या हाताने. दोन जवळ, एक लांब. दोन जवळ, आणि मग जरा श्वास घ्या, आणि एक." त्यांना जमेना. ती हसली, हसताना खोकला आला, खोकला थांबल्यावर पुन्हा दंड पुढे केला. आठ दिवस शिकवणी चालली. नवव्या दिवशी त्यांचा हात पडला आणि तिला झोप लागली. ते तासभर थोपटत बसले होते. दंड इतका बारीक झाला होता की हात कुठे पडतो ते बघून टाकावा लागायचा.

खोलीत बाईंचं बटण वाजलं. आजोबांनी डोळे उघडले. हात चालू होता. दोन जवळ, एक लांब.

"छान," बाई हळूच म्हणाल्या. "चालू दे. थांबा म्हटलं की थांबायचं."

त्या बोलत होत्या आणि टाइप करत होत्या. थोपटणं सुरू. थांबा. थोपटणं बंद. सुरू. बंद. चार वेळा झालं. मग त्यांनी पडद्याच्या अर्ध्या भागात जुनी तपासणी उघडली, सहा महिन्यांपूर्वीची, आणि पडदा आजोबांकडे फिरवला.

"वाचता येत नाही म्हणू नका, सोपं आहे. हे मघाचं. बघा, दोन उंच जवळजवळ, मग मोकळी जागा, मग एक उंच. हात काढलात की संपलं. आणि हे मागचं, ज्यावरून दुसरं औषध सुरू झालं."

दोन जवळ. एक लांब. दोन जवळ. एक लांब. अख्खा पडदाभर.

"तुम्ही थोपटलं की हिचं डोकं हलतं, अगदी केसभर. तारा हलतात. मशीनला वाटतं मेंदूतूनच आलं. मागच्या वेळी आत कोण बसलं होतं?"

"मी."

"आणि तिथल्या माणसाने लिहिलं नाही. कॅमेराही चालू नव्हता. मग कागद वाचणाऱ्याला कळणार कसं?"

आजोबांनी पडद्यावरच्या एका टेकाडापाशी बोट नेलं. बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते. तिचे फोटो होते, पण तिचा चालता हात कुठेच नव्हता, असं त्यांना वाटत होतं. तो इथे होता. दवाखान्याच्या मशीनमध्ये.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"म्हणजे हे सहा महिने पोरगी ते औषध घेतेय ते माझ्यामुळे. माझ्या हाताने मुकी केली मी तिला."

"आजोबा," बाई म्हणाल्या, "मूल थोपटणं हे तुमचं काम. थोपटतायत हे लिहिणं आमचं काम. तुम्ही तुमचं केलंत. आणि मीसुद्धा पाच मिनिटं नुसती पडद्याकडे बघत बसले होते, ते विसरू नका. तुम्ही शिंकायला हात उचलला नसतात तर मीही चुकले असते."

त्यांनी दार उघडून टिटवीच्या आईला आत घेतलं आणि सगळं परत सांगितलं, सावकाश. आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती बापाकडे वळली.

"सहा महिने, बाबा!"

"हो."

"मी त्या पोरीला अभ्यासावरून रागावले. ढिम्म बसू नकोस म्हणाले. सहा महिने!"

आजोबांनी मान खाली घातली. आई पर्समधली ती दोन पानं काढून हातात धरून उभी राहिली. मग पलंगाकडे गेली आणि झोपलेल्या पोरीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं.

"आई असती ना," ती पाठमोरीच म्हणाली, "तर चांगलं बोलली असती तुम्हाला."

"बोलली असती. म्हणाली असती, मी झोपवायला शिकवलं होतं, कागदावर काढून ठेवा असं कधी म्हटलं होतं?"

आई हसली की रडली ते कळलं नाही. पण पानं तिने पुन्हा पर्समध्ये ठेवली नाहीत. तिथल्याच टोपलीत टाकली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. एकदा पूर्ण, मग पुन्हा. आजोबांना वाटलं आता मशीनचा दोष निघेल, नाहीतर त्या दुसऱ्या केंद्राचा. पण त्या म्हणाल्या, "पोरगी सुस्त दिसली, मी म्हटलं आजार वाढला. ते औषध होतं. चूक माझी आहे. मी शंका घ्यायला हवी होती." मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. खऱ्या आजाराच्या खुणा आहेत, पण थोड्या, इथे तिथे. पहिलं औषध चालू ठेवायचं. दुसरं सहा आठवड्यांत पायरी पायरीने बंद करायचं, एकदम नाही. पुढे फिट येणारच नाही असा शब्द मी देत नाही. तिसरं औषध नको. दाखल करायची गरज नाही.

शेवटची दोन वाक्यं आजोबांनी त्यांना पुन्हा म्हणायला लावली.

तिसऱ्या आठवड्यात डोस बघायला यायचं होतं. त्या दिवशी आजोबा एक कापडी पिशवी घेऊन आले. टिटवी आणि तिची आई डॉक्टरांकडे गेल्या आणि आजोबा तपासणीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. बाई नुकतंच एक मूल सोडून हात धूत होत्या.

"बाई, तुमची मशीनची गाडी सरकवता ना, तेव्हा चाक एका फरशीवर वाजतं. ती फरशी पोकळ आहे. मागच्या वेळी ऐकलं, पण तेव्हा बोलायची शुद्ध नव्हती."

"मग?"

"मग काय. थापी आणलीय. जेवायच्या सुट्टीत अर्ध्या तासाचं काम."

"अहो, इथे खिळा मारायचा तरी अर्ज करावा लागतो."

"तो तुम्ही करा. अर्ज मंजूर होईपर्यंत माझी फरशी सुकेल."

बाईंनी दाराबाहेर डोकावून बघितलं आणि दार लोटून घेतलं. आजोबांनी गुडघे टेकले. फरशी उचलली, खालची भुसभुशीत माती खरवडली, नवा सिमेंटचा माल भरला, फरशी बसवून कडेने पुसून घेतली. ठोकून बघितली. भरीव. एवढ्याने उपकार फिटत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, पण रिकाम्या हाताने धन्यवाद म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"पोरगी कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"उत्तरं जरा लवकर येतात. स्वतःहून अजून काही विचारत नाही."

"आणि झोप?"

आजोबा थापी पुसत राहिले. "झोपते. वेळ लागतो. मी हात लावत नाही आता."

"का?"

"नको वाटतं."

"अहो आजोबा, तारा माझ्याकडे आहेत. तुमच्या घरी आहेत का? घरी खुशाल थोपटा."

त्यांनी हो म्हटलं. पण घरी गेल्यावर त्यांचा हात काही पुढे गेला नाही. टिटवीजवळ ते रोज बसत, हात मांडीवर ठेवून. ती कूस बदलत राही, ते बघत राहत. टिटवीची आई दारातून बघून जाई.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी टिटवी शाळेतून आली, जेवली, आडवी झाली. आजोबा शेजारी बसले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांना वाटलं, लागला डोळा.

"आजोबा, तुझा हात बंद पडलाय का?"

ते गडबडले. ती त्यांच्याकडे वळली.

"बिघडलाय? दुखतोय? की तू दमलास? तू म्हातारा झालास म्हणून? आमच्या वर्गात एकीचे आजोबा आहेत ते काठी घेतात, तू काठी घेणार का? पंखा बंद पडला तेव्हा आईने माणूस बोलावला, तर हाताचा माणूस कोण असतो?"

सात प्रश्न. आजोबांनी ते एकेक करून मोजले.

"कोणी लागत नाही," ते म्हणाले. "चालू होईल."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दोन जवळ, एक लांब. टिटवीला झोप आली नाही. ती बोलत राहिली, शाळेतल्या बाईंचं, बाकावरच्या भांडणाचं, कोणी कोणाला काय म्हटलं त्याचं. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली, म्हणजे तिची आईही ऐकत होती. ऊन खिडकीतून सरकत पलंगाच्या पायापाशी आलं. आजोबा थोपटत राहिले, आणि ती झोपू नये असंच त्यांना वाटत होतं.